ट्रॉलीची पिन काढताच दांडा वर का उडतो? ट्रॅक्टरला ट्रॉली जोडण्या-सोडण्यामागचं गणित

दिवाळीच्या आसपास साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर या पट्ट्यातल्या रस्त्यांचं चित्र बदलतं. पुढे ट्रॅक्टर, मागे एक किंवा दोन ट्रॉल्या आणि त्यावर डोक्याच्याही वर गेलेला ऊस. पुढचे चार-पाच महिने हे दृश्य रोजचं असतं.

सोशल मीडियावरही या दिवसांत ट्रॅक्टरच्या रील्सचा पूर येतो. चिखलात रुतलेली ट्रॉली, तिला लावलेलं टोचन, पुढची दोन्ही चाकं हवेत उचललेला ट्रॅक्टर आणि मागे वाजणारं गाणं. लाईक भरपूर पडतात. पण या सगळ्या कामातला एक टप्पा कोणत्याच रीलमध्ये दिसत नाही. तो म्हणजे ट्रॉली जोडणं आणि सोडणं.

काम तसं दोन मिनिटांचं. ट्रॅक्टर मागे घ्यायचा, भोकाला भोक जुळवायचं, पिन टाकायची. सोडताना पिन काढायची आणि निघायचं. पण याच दोन मिनिटांत बोटं चेंगरतात, पाय अडकतात, दांडा छातीवर आदळतो, उभी केलेली ट्रॉली घरंगळत जाते. चुकीच्या जागी साखळी लावली तर ट्रॅक्टरच मागे उलटतो. यातले बहुतेक अपघात नशिबाने होत नाहीत. त्यामागे साधं वजनाचं गणित असतं. ते एकदा कळलं की काय करायचं आणि काय टाळायचं हे पाठ करावं लागत नाही.

आधी ट्रॉली कोणती ते बघा

आपल्याकडे ढोबळमानाने दोन प्रकारच्या ट्रॉल्या चालतात.

पहिली दोन चाकी ट्रॉली. हिला मधोमध किंवा थोडा मागे एकच आस असतो. म्हणजे ही ट्रॉली स्वतःच्या पायावर उभी राहू शकत नाही. तिच्या वजनाचा काही भाग चाकांवर असतो आणि काही भाग पुढच्या दांड्यातून ट्रॅक्टरच्या हूकवर येतो.

दुसरी चार चाकी ट्रॉली. हिला पुढे आणि मागे असे दोन आस असतात. पुढचा आस गोल फिरणाऱ्या तबकडीवर बसवलेला असतो आणि दांडा त्याच्याबरोबर डावीकडे-उजवीकडे वळतो. ही ट्रॉली ट्रॅक्टर नसतानाही सरळ उभी राहते. ट्रॅक्टरने तिला फक्त ओढायचं असतं.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण दोघींचे धोके वेगळे आहेत. दोन चाकी ट्रॉली सोडताना पुढे किंवा मागे कलंडू शकते. चार चाकी ट्रॉली कलंडत नाही, पण उतार मिळाला की निघून जाते.

बैलगाडीवाल्यांना हे गणित आधीच माहीत होतं

दोन चाकी ट्रॉली ही तत्त्वाने बैलगाडीच आहे. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला, जुवाच्या जागी हूक आणि शिवळांच्या जागी पिन आली, एवढाच बदल.

गाडी भरताना जुनी माणसं दोन शब्द वापरायची. ओझं पुढे जास्त झालं तर गाडी ‘धुरजड’ झाली म्हणायचे. सगळा भार बैलांच्या खांद्यावर यायचा. ओझं मागे जास्त झालं तर गाडी ‘उलाळ’ झाली म्हणायचे. मग जू वर उचललं जायचं आणि बैलांचे गळे आवळले जायचे. चांगला गाडीवान गाडी अशी भरायचा की भार किंचित पुढे राहील, पण बैल दबणार नाहीत.

ट्रॉलीलाही हेच लागू होतं. फरक इतकाच की बैल तक्रार करायचे, चालताना अडायचे, त्यामुळे चूक लगेच कळायची. ट्रॅक्टर तक्रार करत नाही. लोखंडी पिन भार खाली असला तरी धरून ठेवते आणि वर असला तरी धरून ठेवते. चूक लपून राहते आणि पिन काढल्यावरच समोर येते.

४०० किलो खाली की ४०० किलो वर?

एक सोपं उदाहरण घेऊ. समजा दोन चाकी ट्रॉली मालासकट ४,००० किलोची आहे. हूकपासून चाकांच्या आसापर्यंतचं अंतर ३ मीटर आहे.

आता सगळ्या वजनाचा मध्य आसाच्या ३० सेंटिमीटर पुढे आला असं धरू. तराजूच्या नियमाने हूकवर येणारा भार निघतो ४,००० गुणिले ०.३, भागिले ३, म्हणजे ४०० किलो. दांडा ट्रॅक्टरच्या हूकवर ४०० किलोने खाली दाबतो. हे ठीक आहे. मागच्या चाकांना पकड मिळते आणि ट्रॉली मागून डोलत नाही.

पण तोच मध्य आसाच्या ३० सेंटिमीटर मागे गेला तर? आकडा तोच, दिशा उलटी. दांडा हूकला ४०० किलोने वर ओढत राहतो. ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात, ओल्या रानात जागेवरच फिरू लागतात. आणि ट्रॉली सोडायला कुणी पिन उपसली की हा ४०० किलोचा जोर एका क्षणात मोकळा होतो. दांडा वर उडतो, ट्रॉली मागे बसते. पिन काढणारा माणूस त्या वेळी बहुतेकदा दांड्यावरच वाकलेला असतो.

आसाच्या पुढे ३० की मागे ३०, म्हणजे एकूण फरक दोन फुटांचा. ट्रॉली भरताना दोन फूट म्हणजे काहीच नाही. उसाच्या मोळ्या मागे लांबवर निघालेल्या असतील, खत किंवा मुरूम मागच्या बाजूला जास्त टाकला असेल, किंवा पुढचा माल आधी उतरवून मागचा तसाच ठेवला असेल तर ट्रॉली सहज उलाळ होते.

अमेरिकेत लोक सुट्टीत घरासारखा सजवलेला ट्रेलर गाडीमागे लावून फिरायला जातात. तिथेही शिकवला जाणारा पहिला नियम हाच आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार पुढे हूकवर आला पाहिजे. त्यापेक्षा कमी झाला तर वेगात ट्रेलर सापासारखा डोलायला लागतो. वरच्या उदाहरणातले ४०० किलो म्हणजे ४,००० किलोचे बरोबर १० टक्के. म्हणजे बैलगाडीवानाचा अंदाज आणि तिथल्या गाडीवाल्यांचा नियम एकाच गणितातून आले आहेत.

जोडण्याआधी काय बघायचं?

जागा सपाट आणि टणक हवी. उतारावर किंवा भुसभुशीत मातीत ट्रॉली जोडण्यासारखं जोखमीचं काम नाही.

ट्रॉलीच्या चाकांना पुढून आणि मागून दगड किंवा लाकडी ठोकळा लावलेला हवा. एकाच बाजूने नको, कारण ट्रॅक्टर मागे येताना दांड्याला धक्का लागला तर ट्रॉली मागे सरकते आणि नंतर ओढ लागली तर पुढे येते. दगड गोलसर असेल तर चाक त्यावरून चढून जातं. पाचरीच्या आकाराचा ठोकळा सगळ्यात चांगला.

मग पिन हातात घेऊन बघायची. पिन भोकापेक्षा फारच बारीक असेल तर ती प्रत्येक धक्क्याला आतल्या आत आपटते आणि झिजते. मधल्या भागात खाच पडलेली, वाकलेली किंवा तडा गेलेली पिन म्हणजे भंगार. पिनेच्या जागी नटबोल्ट, सळईचा तुकडा किंवा पहार वापरण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. सळई भार आला की वाकते आणि बोल्टचे आटे कापले जातात. हिच पिन जाड आणि मजबूत पोलादाची असते, ती उगाच नाही.

दांड्याच्या टोकाचं कडं आणि ट्रॅक्टरचं हूक यांचं भोकही बघायला हवं. भोक लांबोळं झालं असेल तर वेल्डिंगवाल्याकडे जायची वेळ झाली आहे.

जोडायची पद्धत

पहिली गोष्ट उंचीची. दांड्याखालचा जॅक फिरवून कडं ट्रॅक्टरच्या हूकच्या उंचीला आणायचं. जॅक नसेल तर दांडा उचलायला दोन-तीन माणसं लावली जातात आणि त्याच वेळी ट्रॅक्टर मागे येत असतो. बोटं जाण्याचे बहुतेक प्रसंग इथेच घडतात. एका जॅकची किंमत हाताच्या एका ऑपरेशनपुढे काहीच नाही.

दुसरी गोष्ट माणसाच्या जागेची. खुणा करणारा माणूस बाजूला आणि ड्रायव्हरला दिसेल असा उभा राहिला पाहिजे. ट्रॅक्टरचं मागचं चाक आणि ट्रॉली यांच्या मधल्या जागेत ट्रॅक्टर हलत असताना कुणीही असू नये. ड्रायव्हरचा पाय क्लचवरून सटकायला अर्धा सेकंद पुरतो आणि त्या जागेतून बाहेर पडायला माणसाला त्याहून जास्त वेळ लागतो.

ट्रॅक्टरवर जोरात गाणी लागलेली असतील तर ती या वेळी बंद करायची. मागून कुणी ‘थांब’ ओरडलेलं डिझेल इंजिनच्या आवाजात आधीच नीट ऐकू येत नाही. त्यात स्पीकर असेल तर अजिबात नाही. म्हणून आधीच ठरवलेल्या हाताच्या खुणा उपयोगी पडतात. खुणा करणारा माणूस दिसेनासा झाला तर ड्रायव्हरने ताबडतोब थांबायचं, हा एक नियम घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा.

ट्रॅक्टर रिव्हर्सच्या सगळ्यात हळू गिअरमध्ये मागे घ्यायचा. भोकं जुळत आली की थांबायचं, न्यूट्रल करायचं, हँडब्रेक लावायचा आणि इंजिन बंद करायचं. मगच दुसऱ्या माणसाने मध्ये जायचं.

भोकं एकमेकांवर आली का हे बघायला बोट घालायचं नाही. हे वाचताना उघड वाटतं, पण प्रत्यक्षात जवळजवळ सगळेच बोट घालतात. दोन लोखंडी पट्ट्या एक सेंटिमीटर सरकल्या तरी बोट कैचीत सापडल्यासारखं होतं. त्यासाठी छोटी टोकदार पहार वापरायची. तिने भोकं जुळवताही येतात.

पिन नेहमी वरून खाली टाकायची. कारण सोपं आहे. खालची क्लिप रस्त्यात पडली तरी पिन स्वतःच्या वजनाने भोकात टिकण्याची शक्यता राहते. खालून वर घातलेली पिन क्लिप पडताच निसटते. आणि क्लिप म्हणजे क्लिपच. बाइंडिंग तार, सुतळी किंवा खिळा हा पर्याय नव्हे. खड्ड्यांच्या रस्त्यावर पिन सतत वर उड्या मारत असते आणि तिला अडवणारी ती एकच वस्तू आहे.

पिननंतरची चार कामं

पिन पडली की काम संपलं असं वाटतं. खरं तर अजून चार गोष्टी बाकी असतात.

एक, साखळी. दांड्याकडून ट्रॅक्टरच्या चासीला एक मजबूत साखळी वेगळी बांधायची. पिन तुटली किंवा निसटली तरी ट्रॉली सुटून समोरच्या गाडीवर जात नाही. परदेशातल्या ट्रेलरना अशा दोन साखळ्या दांड्याखाली फुलीसारख्या लावतात, म्हणजे दांडा सुटला तरी जमिनीत न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडतो. आपल्याकडे ही साखळी क्वचितच दिसते. वळताना ताण येणार नाही इतकी ती सैल हवी, पण जमिनीला घासेल इतकी नको.

दोन, वायर. ट्रॅक्टरच्या मागच्या सॉकेटमध्ये ट्रॉलीच्या लाईटची वायर लावून ब्रेकलाईट, टेललाईट आणि दोन्ही इंडिकेटर लागतात का ते बघायचं. हायड्रॉलिक ट्रॉली असेल तर पाईपची तोंडं पुसून मगच जोडायची, नाहीतर माती थेट तेलात जाते.

तीन, जॅक पूर्ण वर घ्यायचा. खाली राहिलेला जॅक पहिल्याच गतिरोधकावर वाकतो.

चार, ओढून बघायचं. चाकांखालचे ठोकळे अजून काढायचे नाहीत. पहिल्या गिअरमध्ये ट्रॅक्टर हळूच पुढे घ्यायचा. ट्रॉली ठोकळ्याला अडली आणि हूक धरून राहिलं म्हणजे जोड पक्का. मग ट्रॅक्टर थोडा मागे घेऊन, इंजिन बंद करून ठोकळे काढायचे. निघाल्यावर शंभरेक मीटरवर एकदा थांबून पिन आणि क्लिपकडे नजर टाकायची.

आणखी एक गोष्ट ड्रायव्हरच्या पायाशी असते. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे असतात, कारण रानात जागेवर वळायला त्याचा उपयोग होतो. रस्त्यावर येताना हे दोन्ही पॅडल मधल्या खिटीने एकत्र अडकवावे लागतात. ते विसरलं आणि मागे भरलेली ट्रॉली असताना एकाच पॅडलवर पाय पडला, तर ट्रॅक्टर एका बाजूला वळतो आणि ट्रॉली त्याला ढकलत राहते.

सोडताना क्रम उलटा

जोडताना ठोकळा सगळ्यात शेवटी निघतो. सोडताना तो सगळ्यात आधी लागतो. एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी ट्रॉली घरंगळण्याचे बरेच प्रसंग टळतील.

ट्रॉली सपाट जागी सरळ उभी करायची. टिपिंग ट्रॉली असेल तर तिचा डाला पूर्ण खाली आणायचा. उचललेल्या डाल्याखाली कधीही जायचं नाही, कारण एक पाईप फुटला तर तो कुणासाठी थांबत नाही. चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावायचे. वायर, पाईप आणि साखळी काढायची.

आता जॅक. मातीत त्याच्याखाली जाड फळी ठेवायची, नाहीतर जॅक रुततो आणि दांडा खाली येतो. बैलगाडी सोडल्यावर पुढे टेकू म्हणून लाकूड लावायचे, त्याला ‘शिपाई’ म्हणायचे. जॅक हा ट्रॉलीचा शिपाई. त्याने भार उचलल्याशिवाय पिनेला हात लावायचा नाही.

जॅक फिरवतानाच ट्रॉलीचा स्वभाव कळतो. जॅक जमिनीला टेकला, जड लागू लागला आणि दांडा हूकवरून किंचित उचलला गेला, तर भार पुढे आहे. सगळं ठीक. पण जॅक जमिनीला लागण्याआधीच दांडा हूकच्या वरच्या पट्टीला चिकटून ताणलेला दिसत असेल, तर ट्रॉली उलाळ आहे. अशा वेळी पिन काढायची नाही. आधी मागचा माल उतरवायचा किंवा पुढे ओढायचा. ते शक्य नसेल तर ट्रॉलीच्या मागच्या टोकाखाली पक्का टेकू द्यायचा, दांडा मोकळा झाल्याची खात्री करायची आणि मगच पुढचं काम.

पिन अडकली असेल तर घणाने ठोकायचा मोह होतो. पण सपाट जागेवर पिन घट्ट बसली आहे याचा अर्थ तिच्यावर अजून ओढ किंवा दाब आहे. मधल्या माणसाने बाहेर यायचं, ड्रायव्हरने ट्रॅक्टर बोटभर पुढे-मागे करायचा, इंजिन बंद करायचं आणि मग बघायचं. ताण गेला की पिन हाताने निघते. ताण असताना ठोकून काढली तर ती निघते त्याच क्षणी ट्रॉली हलते.

पिन निघाली की माणसाने आधी बाजूला यायचं आणि मग ट्रॅक्टर सरळ पुढे घ्यायचा. पिन आणि क्लिप तिथल्या तिथे हूकमध्ये परत अडकवून ठेवली की पुढच्या वेळी सळई शोधायची वेळ येत नाही.

रीलमधला ट्रॅक्टर पुढून का उचलतो?

रुतलेली ट्रॉली ओढताना ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत जातात, ते बघायला भारी वाटतं. पण तो ट्रॅक्टरच्या ताकदीचा पुरावा नाही. तो उलटण्याची सुरुवात असते.

इंजिन मागच्या आसाला फिरवतं. चाकं पुढे जाऊ शकत असतील तर ट्रॅक्टर पुढे जातो. पण मागची ट्रॉली हलतच नसेल आणि चाकांना पकड भक्कम असेल, तर तोच जोर ट्रॅक्टरच्या अंगाला आसाभोवती मागे फिरवू लागतो. त्यात साखळी कुठे बांधली आहे यावर सगळं ठरतं. ओढ जितकी उंचावरून, तितका पुढचा भाग लवकर उचलतो. म्हणून टोचन नेहमी खालच्या हूकलाच लावायचं. मागच्या आसाला, टॉपलिंकच्या जागी किंवा सीटखालच्या भागाला साखळी गुंडाळणं म्हणजे ट्रॅक्टर उलटवायची तयारी करणं.

इथे वेळ फार कमी असतो. पुढची चाकं उचलल्यापासून ट्रॅक्टर पूर्ण मागे उलटायला साधारण दीड सेकंद लागतो. त्यातल्या पहिल्या पाऊण सेकंदातच तो अशा टप्प्यावर पोचतो, जिथून क्लच दाबूनही उपयोग होत नाही. माणसाला धोका कळून पाय हलवायलाच जवळपास तेवढा वेळ लागतो. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरना बंद केबिन नसते, त्यामुळे उलटल्यावर ड्रायव्हर आणि जमीन यांच्यामध्ये काहीच नसतं.

म्हणून रुतलेली ट्रॉली काढताना आधी चाकांपुढची माती काढणं, माल कमी करणं, फळ्या किंवा पाचट टाकणं ही कामं कंटाळवाणी असली तरी खरी आहेत. ओढताना कमी गिअर, हळू सोडलेला क्लच आणि आजूबाजूला एकही बघ्या नको. ताणलेली साखळी किंवा वायररोप तुटला तर तो चाबकासारखा मागे येतो.

दोन ट्रॉल्या, दुप्पट गणित

५० एचपीच्या आसपासचा ट्रॅक्टर स्वतः साधारण दोन टनांचा असतो. मागच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या मिळून दहा टनांच्या पुढे सहज जातात. आणि ट्रॉल्यांना बहुतेकदा ब्रेकच नसतात. म्हणजे दोन टनांच्या गाडीने स्वतःच्या पाचपट वजन थांबवायचं असतं.

सपाट रस्त्यावर हे कळत नाही. उतारावर ट्रॉल्या ट्रॅक्टरला मागून ढकलू लागतात. ट्रॅक्टर सरळ असेल तर तो पुढे रेटला जातो. वळणावर असेल तर त्याचा मागचा भाग बाजूला फेकला जातो आणि ट्रॅक्टर-ट्रॉली कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांवर मिटतात. म्हणून उतार सुरू होण्याआधीच कमी गिअर टाकायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्याकडे इंजिनचा ब्रेक उरत नाही आणि वेग वाढल्यावर गिअर परत पडेलच याची खात्री नसते.

रिव्हर्स घेतानाही हाच घोळ होतो. दोन चाकी ट्रॉलीला एकच सांधा असतो. ट्रॅक्टरचं तोंड ज्या बाजूला वळवाल, त्यावरून ट्रॉली उलट बाजूला जाते, हे सरावाने जमतं. चार चाकी ट्रॉलीला दोन सांधे असतात, एक हूकचा आणि एक तबकडीचा. मागे दुसरी ट्रॉली असेल तर आणखी वाढतात. प्रत्येक सांधा चूक मोठी करत नेतो. त्यामुळे दोन ट्रॉल्या घेऊन मागे जायची वेळच येऊ नये, अशी जागा आधी बघून ठेवणं शहाणपणाचं. नाहीतर मागची ट्रॉली नीट सोडून एकेक करून न्यावी.

घाई कुठून येते?

हे सगळं वाचून कुणी म्हणेल की एवढं करत बसायला वेळ कुणाला आहे? प्रश्न बरोबर आहे.

ऊस वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात. कारखान्याच्या यार्डात नंबर लागायला तासन् तास जातात. तिथे गेलेला वेळ ड्रायव्हर रस्त्यावर आणि रानात भरून काढायला बघतो. रात्री दोन वाजता, थंडीत, झोप अनावर झालेली असताना एक ट्रॉली सोडून दुसरी जोडायची असते. सोबतीला बऱ्याचदा टोळीतलं एखादं पोरगं असतं, ज्याला कुणी कधी काही शिकवलेलं नसतं. मध्ये जाऊन पिन टाकायचं काम त्याच्याच वाट्याला येतं.

म्हणूनच टोळीच्या मुकादमाने, ट्रॅक्टरमालकाने आणि कारखान्याने हंगामाच्या सुरुवातीलाच तीन गोष्टींची सोय केली तर बराच फरक पडतो. प्रत्येक ट्रॉलीला जॅक, योग्य मापाची पिन आणि क्लिप, आणि दोन पाचरी ठोकळे. हे काही महागडं तंत्रज्ञान नाही, गावातला वेल्डिंगवालाही करून देतो.

सुटलेली ट्रॉली रस्त्यावर असेल तर

पंक्चर झालं, आस तुटला, चढ चढेना, म्हणून एक ट्रॉली रस्त्याकडेला सोडून ट्रॅक्टर पुढे जातो. चाकाला दगड असतो, पण मागे लाईट नसते. कारण ट्रॅक्टरची वायर काढली की ट्रॉलीवरचे सगळे दिवे विझतात. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला अंधारात काळपट उसाचा ढीग अगदी जवळ आल्यावरच दिसतो, आणि मोळ्यांची टोकं नेमकी त्याच्या चेहऱ्याच्या उंचीवर असतात.

इथे रिफ्लेक्टर कामाला येतो, कारण त्याला वायर लागत नाही. तो उसाखाली झाकला जाणार नाही अशा जागी हवा. सोडलेली ट्रॉली शक्य तितकी रस्त्याबाहेर घ्यायची आणि मागे बऱ्याच अंतरावर रिफ्लेक्टरचा त्रिकोण ठेवायचा. रस्त्यावर मोठे दगड मांडून ठेवणं आणि नंतर ते तसेच सोडून जाणं हा उपाय नाही, तो पुढच्या अपघाताचा बंदोबस्त आहे.

कायद्याचंही थोडं. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये ‘मोटार वाहन’ या व्याख्येतच ट्रेलर धरलेला आहे, म्हणजे ट्रॉलीची वेगळी नोंदणी लागते. आणि ट्रॅक्टरचा नंबर सगळ्यात शेवटच्या ट्रॉलीवर दिसला पाहिजे, असंही याच कायद्यात म्हटलं आहे. अपघातानंतर विम्याचा विषय निघतो, तेव्हा हे कागद शोधण्यापेक्षा आधीच पूर्ण असलेले बरे.

थोडक्यात लक्षात ठेवायचं तर

ट्रॅक्टर हलत असताना मध्ये कुणी नाही. भोकात बोट नाही. पिन वरून खाली, खाली क्लिप. निघताना ठोकळा शेवटी, सोडताना ठोकळा आधी. दांडा ताणलेला असेल तर पिनेला हात नाही. टोचन खालच्या हूकलाच. आणि ट्रॉली रस्त्यात सुटली तर रिफ्लेक्टर उघडा.

घरात ट्रॅक्टर असेल, भाऊ किंवा शेजारचा दादा ऊस वाहतुकीला जात असेल, तर पिन आणि क्लिप एकदा स्वतः बघून या. त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत.